मल्टिमीटर म्हणतो अडीच

डिजिटल सर्किटमध्ये फक्त शून्य आणि एक असतात, हे मल्टिमीटरला कोणी सांगितलेलं नसतं. पाच व्होल्टच्या क्लॉकवर, म्हणजे ठरावीक तालात शून्य-पाच करणाऱ्या सिग्नलवर, प्रोब (मोजायचं टोक) टेकवा, तो गंभीरपणे म्हणतो, ‘अडीच’. निम्मा वेळ पाच, निम्मा वेळ शून्य. हिशोब बरोबर, उपयोग काही नाही. तरी डिजिटल सर्किट तपासायची उपकरणं घेताना पहिली खरेदी त्याचीच. सप्लाय येतोय का, ट्रॅक तुटलाय का, पुल-अप (सिग्नलची वायर वरच्या व्होल्टेजकडे खेचणारा रेझिस्टर) लावायचा राहिलाय का, हे त्याच्याइतकं स्वस्तात कोणी सांगत नाही.

मग, सगळे ऑसिलोस्कोपकडे (सिग्नलचा आकार पडद्यावर काढणाऱ्या उपकरणाकडे) धावत असले तरी, मी आधी आठ चॅनेलचा, २४ मेगाहर्ट्झचा (सेकंदाला २.४ कोटी नमुने घेणारा), यूएसबीवर चालणारा छोटा लॉजिक अ‍ॅनालायझर घ्यायला सांगेन; तो फक्त शून्य-एक टिपतो. पल्सव्ह्यू हे फुकट सॉफ्टवेअर यातले बहुतेक ओळखतं आणि यूएआरटी, आयटूसी, एसपीआय या चिप्सच्या आपसात बोलायच्या पद्धती उलगडून दाखवतं. यूएआरटीच्या ११५२०० बॉडला (सेकंदाला तितके बिट) एक बिट ८.७ मायक्रोसेकंदांचा, म्हणजे त्याचे दोनशेहून जास्त नमुने मिळतात. एसपीआयचा क्लॉक मात्र पाच-सहा मेगाहर्ट्झच्या वर नेलात, तर तो चुकीचे बाइट्सही तितक्याच आत्मविश्वासानं छापतो. ग्राउंडची वायर विसरलात तर आठही चॅनेल एकाच वेळी बडबडू लागतात. आणि आरएस-२३२ च्या (जुन्या सीरियल पोर्टच्या) ऋण व्होल्टेजला हा लावू नये. त्यानंतर तो कायमचा गप्प बसू शकतो.

याला आकार मात्र दिसत नाही. पुल-अप जास्त मोठा असल्यानं आयटूसीची कड रांगत वर चढतेय, हे बघायला स्कोपच हवा. आणि इथे खरा छळ सुरू होतो.

खोक्यावर ठळक अक्षरांत ‘१ गिगासॅम्पल’, म्हणजे सेकंदाला अब्ज नमुने. बारीक अक्षरांत: एकच चॅनेल चालू असताना. बँडविड्थ १०० मेगाहर्ट्झ, म्हणजे त्या फ्रीक्वेन्सीला सिग्नलची उंची ७० टक्क्यांवर आलेली असते. तिथला चौकोनी क्लॉक पडद्यावर गोंडस साइन वेव्ह होऊन येतो. पाचवा हार्मोनिक (चौकोनी आकार घडवणारा, पाचपट फ्रीक्वेन्सीचा घटक) तरी दिसावा असं वाटत असेल, तर हा स्कोप २० मेगाहर्ट्झच्या क्लॉकपर्यंतचाच. मेमरीचा आकडा तर विक्रेते लाजत लाजत सांगतात. ४० हजार पॉइंट असतील, तर पूर्ण वेगात ती ४० मायक्रोसेकंदांत भरते. तेवढ्यात ११५२०० बॉडच्या यूएआरटीचे पाच बिटही होत नाहीत. अक्षर अर्ध्यावर सोडून स्कोप थांबतो. मला विचाराल तर सॅम्पल रेटआधी मेमरी बघा.

एवढं निवडून झालं की प्रोबवरचा १एक्स-१०एक्स स्विच (सिग्नल आहे तसा की दहावा भाग करून) १एक्सवर राहतो. सर्वसाधारण प्रोबची बँडविड्थ तिथे सहा मेगाहर्ट्झच्या आसपास, त्यामुळे स्कोप कितीचाही घेतला असता तरी चाललं असतं. १०एक्सवर ठेवलं तर ग्राउंडच्या लांब वायरीमुळे प्रत्येक कडेवर रिंगिंग, म्हणजे सर्किटमध्ये नसलेली थरथर, उमटतं, आणि लोक प्रोबमधला दोष दिवसभर सर्किटमध्ये शोधतात. वायर काढून टोकाशी छोटी ग्राउंड स्प्रिंग लावावी.

मेन्सवर चालणाऱ्या स्कोपची ग्राउंड क्लिप आतून अर्थिंगला जोडलेली असते. बोर्डही यूएसबीमार्फत अर्थ झालेला असेल आणि क्लिप चुकून पाच व्होल्टच्या सप्लायवर लागली, तर शॉर्ट सर्किट होऊन शून्य आणि एक यांच्यातला फरक तत्काळ मिटतो.