माहिती फुटली? अडीचशे कोटी आहेत ना!

अतिवृष्टीच्या अनुदानाची यादी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडली. नाव, गट नंबर, आधार, खाते क्रमांक, मोबाइल, सारं एकाच पीडीएफमध्ये. लगेच फोन सुरू: 'काका, तुमचे पैसे अडकले, ओटीपी सांगा.' अनुदानाचा पत्ता नाही, फोनवाला मात्र वेळेवर. तुमच्यावरही ही पाळी येणारच, म्हणून थोडा सल्ला.

आधी तर घाबरू नका. आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. माहिती नीट सांभाळली नाही तर २५० कोटींपर्यंत दंड, फुटल्याचं कळवलं नाही तर २०० कोटींपर्यंत. नुसता आकडा वाचून कापसाच्या भावाचं दुःख विसरायला होतं.

वाट पाहा. कायदा ऑगस्ट २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ चे, दंडाची कलमं लागू व्हायची मे २०२७ मध्ये. मधल्या काळात तुरीची चार पिकं निघून जातात.

आधार नंबर बदलून घ्या. नाही बदलत? मग गाव बदला.

तक्रार मात्र जरूर करा. आधी त्याच ऑफिसात, जिथून माहिती फुटली. कायदाच तसा आहे. टेबलामागचा माणूस म्हणेल, 'काऊन एवढं मनावर घेता बाप्पा, यादीत तुमचं एकट्याचं नाव आहे का?' तिथून हात हलवत परतलात की मग या कायद्याच्या तक्रारी ऐकणारं डेटा संरक्षण मंडळ. तेही डिजिटल, म्हणजे रेंज असेल त्या दिवशी. समजा जिंकलात, दंड झाला. पैसे कुणाला? भारताच्या संचित निधीला! खातं तुमचं रिकामं, भर सरकारच्या तिजोरीत. कंपनीकडून भरपाई मागायचं आयटी कायद्यातलं ४३अ कलम होतं, तेही नव्या कायद्यानं वगळायला काढलंय. आणि तक्रार खोटी किंवा क्षुल्लक ठरली तर तुम्हालाच १०,००० रुपयांपर्यंत दंड. कोरडवाहू पिकाला आपत्ती निधीच्या २०२२-२६ च्या निकषानं हेक्टरी ८,५००. म्हणजे पीक बुडाल्याचे पैसे कमी, अन् बोंब मारल्याचा दंड जास्त. वा रे न्याय!

आणि साहेब, मे २०२७ चं कारण सांगूच नका. आधार कायदा २०१६ चा आहे. आधार नंबर असा चव्हाट्यावर मांडायचा नाही, हे त्याच्या कलम २९ मध्ये लिहिलंय. शेवटचे चार आकडे ठेवून बाकी झाकायला किती वेळ लागतो? खाते क्रमांक गावाला दाखवायचं कामच काय? नाव अन् गट नंबर पुरतो. वरून ओटीपी सांगून बसलेल्या म्हातारीलाच 'तुले अक्कल नाही का' विचारता? तिचा नंबर चोराच्या हातात कुणी दिला? यादी कुणी काढली, कुणी ग्रुपवर टाकली, हे सगळं ऑफिसला ठाऊक आहे. ज्यानं टाकली त्याला नोटीस द्या, लेखी उत्तर घ्या आणि ते ग्रामसभेत वाचून दाखवा. अन् ती पीडीएफ ग्रुपवरून काढा, आजच्या आज.