थर्मंडचे २४ तास आणि बाबांचा फळा

आमच्या विरंगुळा केंद्रातला सुविचाराचा फळा बाबांच्या ताब्यात असतो. गेल्या सोमवारी त्यावर ठळक खडूनं लिहिलं होतं, ‘२४ तास १८ मिनिटं!’ तेव्हाच ओळखलं, की व्हॉट्सॲपवरून काहीतरी उतरलंय. संध्याकाळी ते माझ्याही फोनवर आलं. ‘वय म्हणजे नुसता आकडा’ असं शीर्षक, पाच-सहा हात जोडलेले इमोजी, आणि खाली अमेरिकेतले सिनेटर स्ट्रॉम थर्मंड यांची आरती. ते म्हणे दुसऱ्या महायुद्धात, एकेचाळिसाव्या वर्षी, हवाई छत्रीनं फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरले. जन्मात एकही निवडणूक हरले नाहीत. १९५७ साली गोरगरिबांच्या मतदानाच्या हक्कासाठी पाण्याचा घोटही न घेता २४ तास १८ मिनिटं उभं राहून बोलले, आणि तो विक्रम आजही अबाधित आहे. घरच्या मोलकरणीच्या मुलीचं शिक्षण त्यांनी पदरमोड करून केलं. शंभराव्या वर्षापर्यंत खासदार राहिले. दहा जणांना पाठवा.

मी नाही पाठवलं.

भाषणापासूनच सुरुवात करतो, कारण फळ्यावर तेच आहे. तास आणि मिनिटं बरोबर आहेत. २८ ऑगस्ट १९५७ च्या रात्री नऊच्या सुमारास थर्मंड उभे राहिले आणि दुसऱ्या दिवशी रात्री नऊनंतर बसले. पण ते कशासाठी उभे होते? त्या वर्षीचं नागरी हक्क विधेयक अडवण्यासाठी. सिनेटमध्ये एखादा सदस्य बोलत उभा असेतो मतदान होत नाही, तोच हा डाव. दक्षिणेतल्या काळ्या लोकांना साक्षरता परीक्षा, मतदानाचा कर आणि निव्वळ धाकदपटशा वापरून मतदार यादीबाहेर ठेवलं जात होतं. त्यात केंद्र सरकारला हस्तक्षेप करता यावा, एवढाच त्या कायद्याचा माफक हेतू होता. म्हणजे ‘मतदानाच्या हक्कासाठी’ नव्हे बाबा, हक्काविरुद्ध. आग लावणाऱ्याला बंबवाला म्हणावं, तसं झालं हे.

बरं, बोलले काय? तेव्हाच्या ४८ राज्यांचे निवडणूक कायदे एकामागून एक वाचून दाखवले. स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला, वॉशिंग्टनचं निरोपाचं भाषण वाचलं. दक्षिणेतल्या बाकीच्या सिनेटरांनी अशी अडवणूक करायची नाही असं आपसात ठरवलं होतं. त्यामुळे तेही यांच्यावर चिडले. हे बसल्यावर थोड्याच वेळात ६० विरुद्ध १५ मतांनी विधेयक मंजूर झालं. म्हणजे एवढ्या तपश्चर्येचं फळ शून्य.

आणि ‘पाण्याचा घोटही न घेता’! लघवीला जावं लागू नये म्हणून आधी वाफेचं स्नान घेऊन अंगातलं पाणी काढून टाकलं होतं. तरी मध्ये सिनेटर बॅरी गोल्डवॉटरनी कामकाजात काही नोंदवायचं निमित्त काढून त्यांना काही मिनिटांची सुटका दिलीच. शिवाय गरज पडली तर एक पाय सभागृहात ठेवून उरकता यावं, म्हणून शेजारच्या खोलीत मदतनीस बादली घेऊन उभा होता असं सांगतात. विक्रमही अबाधित नाही. ३१ मार्च २०२५ ला न्यू जर्सीचे सिनेटर कोरी बुकर उभे राहिले, ते २५ तास ५ मिनिटं बोलले. बुकर काळे आहेत. थर्मंडच्या भाषणामुळे नव्हे, ते भाषण होऊनही आपण इथे आहोत, असं ते म्हणालेही.

थर्मंडची बाजू अशी होती, की मतदानाबद्दलचा न्यायालयाचा आदेश मोडणाऱ्यावर अवमानाचा खटला झाला, तर त्याला ज्यूरी, म्हणजे सामान्य नागरिकांचं पंचमंडळ, मिळायलाच हवी. ऐकायला तत्त्वाचं वाटतं. पण ते साउथ कॅरोलायनाचे गव्हर्नर असताना, १९४७ मध्ये, विली अर्ल नावाच्या काळ्या तरुणाला जमावानं तुरुंगातून ओढून नेऊन मारलं. थर्मंडनी तपास लावून धरला, आरोपी पकडले गेले. हे त्यांच्या खात्यावर जमा करायलाच हवं, हात आखडून का होईना. आरोपी ३१, बहुतेक टॅक्सीवाले. बहुतेकांनी कबुली दिलेली. ज्यूरी सगळी गोरी. सगळेच्या सगळे सुटले. तेव्हा दक्षिणेत ज्यूरी म्हणजे काय, हे या माणसाला आपल्याआधी ठाऊक होतं.

आता ती मोलकरणीची मुलगी. हा मुद्दा वाचून मला खरंच मळमळलं, कारण त्यातला शब्दन् शब्द खरा आहे. फक्त ती मुलगी थर्मंडचीच होती. आई कॅरी बटलर त्यांच्या वडिलांच्या घरी कामाला, वय सोळाच्या आसपास. हे बावीस वर्षांचे. १९२५ मध्ये ही मुलगी, एसी मे, जन्मली. पेनसिल्व्हेनियात मावशीकडे वाढली. १९४१ मध्ये आई तिला वडिलांना भेटवायला घेऊन गेली, तोवर आपला बाप गोरा आहे हेही तिला माहीत नव्हतं. पुढे त्यांनी पैसे दिले, हे खरं. तिला शिकवलं ते ऑरेंजबर्गच्या फक्त काळ्यांसाठी असलेल्या कॉलेजात. आणि १९४८ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहून हेच गृहस्थ गर्जत होते, की साऱ्या सैन्याला आणलं तरी दक्षिणेतले लोक काळ्यांना आपल्या घरांत आणि चर्चमध्ये घेणार नाहीत.

जाहीरपणे मुलगी म्हणून त्यांनी तिला कधीच स्वीकारलं नाही. ते २००३ च्या जूनमध्ये गेले, आणि डिसेंबरमध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ती बोलली. घरच्यांनी मान्य केलं. साउथ कॅरोलायनाच्या राजधानीत, कोलंबिया शहरात, विधानभवनापुढे त्यांचा पुतळा आहे. त्याच्या दगडावर चार मुलांचे वडील असं कोरलं होतं. २००४ मध्ये ‘चार’चं ‘पाच’ केलं आणि तिचं नाव खाली कोरलं. पुरावा मागणाऱ्यांनी तो दगड पाहावा, दुसरं काही लागत नाही.

बाकीचं पटकन. निवडणुका हरले: १९४८ ला चारच राज्यं जिंकली, १९५० ला सिनेटच्या उमेदवारीसाठीची पक्षांतर्गत प्राथमिक फेरी ऑलिन जॉन्स्टनकडून हरले. नॉर्मंडीत उतरले, पण छत्रीनं नव्हे, ग्लायडरनं. न्यायाधीश असून त्या वयात युद्धावर गेले, त्याला मात्र माझा सलाम. शंभरी सिनेटमध्ये गाठली खरी, पण शेवटी मुक्काम लष्करी रुग्णालयात होता. पुढे बदलले म्हणतात. १९७१ मध्ये काळा सहायक नेमला, १९८३ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावच्या सुट्टीला मत दिलं. ठीक आहे. तोवर काळे लोक मतदार झाले होते, एवढंच मी त्यात जोडीन. त्या २४ तासांची माफी मात्र कधी मागितली नाही.

हे सगळं बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“पण उभा तर राहिला ना २४ तास?”

राहिला, बाबा. बादलीची सोय करून.