तक्रार बंद, आत्याची जखम उघडी

काल संध्याकाळी रामबागेत आत्याच्या पायाचं ड्रेसिंग चाललं होतं. सिस्टर चिकटलेली पट्टी सोडवत होती, आत्या भिंतीकडे तोंड करून 'राम राम' पुटपुटत होती, आणि माझ्या फोनवर मेसेज आला: 'आपकी शिकायत का निराकरण कर दिया गया है.' मधुमेह मुळापासून घालवणाऱ्या पावडरीच्या जाहिरातीविरुद्ध मी केलेली तक्रार ती. निराकरण! चार महिन्यांनी! उघडून बघितलं तर दोन ओळी. जाहिरातदाराने सदर जाहिरात यापुढे छापणार नसल्याचं कळवलं आहे, सबब प्रकरण बंद.

अरे, यापुढे कशाला छापेल तो? जे विकायचं होतं ते विकून झालं. गेल्या रविवारी तोच पांढऱ्या कोटातला माणूस पेपरात अर्ध्या पानावर परत हजर होता. तोच हिरवा डबा, फक्त नाव नवीन. त्या कार्यालयात फोन केला (कुठलं ते सांगत नाही, सांगूनही काही होणार नाही) तर बाई म्हणाल्या, प्रॉडक्टचं नाव वेगळं आहे ना, मग नवीन तक्रार टाका. आणि खरेदीची पावती जोडा. म्हणजे तक्रार करायला मी आधी तो डबा विकत घ्यायचा? त्यांच्या खिशात माझे पैसे घालायचे? मी फोनवर ओरडलो. ओरडायला नको होतं, त्या बाईंच्या हातात काही नसेल, पण ओरडलो.

आत्या सत्तरीची. बावीस वर्षं शुगरची गोळी नेमाने घेणारी बाई. 'नब्बे दिन में डायबिटीज जड़ से खत्म' एवढं मोठ्या अक्षरात पेपरात वाचलं आणि डबा मागवला. तिसऱ्या आठवड्यात साखर वाढली तर त्यांच्या कॉल सेंटरच्या पोराने सांगितलं, माताजी, विष बाहेर पडतंय, गोळ्या बंद करा, कोर्स अर्धवट सोडू नका. तिने आम्हाला कुणाला सांगितलं नाही. घरात कळलं तेव्हा टाचेची जखम काळी पडली होती. सर्जन म्हणाले, अजून आठ दिवस उशीर झाला असता तर पाऊल गेलं असतं.

त्या जाहिरातीच्या तळाशी एक ओळ होती. इंग्रजीत, तिळाएवढ्या अक्षरांत. जाहिरात हिंदीत, वाचणारी हिंदी-मराठी वाचणारी, आणि इशारा मात्र इंग्रजीत! जून २०२२च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्वच्छ लिहिलंय की दावा ज्या भाषेत, खुलासाही त्याच भाषेत हवा, अक्षरंही तशीच हवीत. ही गोष्ट तपासायला प्रयोगशाळा लागत नाही हो, चष्मा पुरतो. मी तक्रारीत त्या ओळीवर लाल गोल काढून पाठवला होता. उत्तरात त्याबद्दल अक्षर नाही.

आणि कायदा नाही असं कुणी सांगू नका मला. १९५४ पासून आहे! औषधे आणि जादुई उपाय कायदा. त्याच्या यादीत ५४ आजार आहेत, मधुमेह आहे, कर्करोग आहे, मोतीबिंदू आहे. हे बरं करतो अशी जाहिरात लोकांपुढे करायचीच नाही. औषध चांगलं की वाईट हा प्रश्न नंतरचा, जाहिरात हाच गुन्हा. पहिल्यांदा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, पुन्हा केलं तर वर्षभर. त्याच यादीत उंची वाढवणंही आहे, आणि आमच्या धाकट्याने दहावीत क्लासच्या फीचे पैसे चोरून उंचीची पावडर मागवली होती. बाबांनी त्याला मारलं. विकणाऱ्याला कुणी हात लावला नाही.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९चा. दहा लाखांपर्यंत दंड, पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत. तक्रार जिल्हाधिकाऱ्याकडेही करता येते. सगळं कागदावर आहे. प्रत्यक्षात हा म्हणतो परवाना दुसऱ्या राज्याचा, तिकडे लिहा. तो म्हणतो पेपरवाल्याला विचारा. पेपरवाला म्हणतो आम्ही फक्त जागा विकतो.

आयुर्वेदिक औषधाची जाहिरात छापण्याआधी राज्याची परवानगी घ्या, असा औषध नियमावलीतला नियम १७० डिसेंबर २०१८ मध्ये आला होता. हाच तर हवा होता, छापायच्या आधी अडवणारा. तर ऑगस्ट २०२३ मध्ये आयुष मंत्रालयानेच राज्यांना कळवलं की त्याखाली कारवाई करू नका, आणि १ जुलै २०२४ला नियमच काढून टाकला. नियम काढण्याला सुप्रीम कोर्टाने ऑगस्टमध्ये स्थगिती दिली, ती पुढच्या ऑगस्टमध्ये उठली. ह्या सगळ्या घोळात किती आत्यांनी गोळ्या सोडल्या असतील?

एप्रिल २०२४ मध्ये पतंजलीच्या फसव्या जाहिरातींच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाच्या न्या. हिमा कोहलींनी विचारलं होतं, माफीनामा तुमच्या जाहिरातींएवढ्या आकाराचा आहे का? मला तो प्रश्न फार आवडला होता. दुसऱ्या दिवशी मोठा माफीनामा छापून आला. मला वाटलं, आता हीच रीत पडेल. नाही पडली.

ओआरएसचं तेच. भाच्याला जुलाब लागले म्हणून वहिनीने भर मे महिन्यात दुकानातून ओआरएस लिहिलेला फळांच्या चवीचा डबा आणला, आणि पोराचे जुलाब वाढले. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं, त्या डब्यात साखर त्याच्या कितीतरी पट. हैदराबादच्या डॉ. शिवरंजनी संतोष वर्षानुवर्षं भांडल्या, तेव्हा कुठे ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न प्राधिकरणाने अशा पेयांवर ओआरएस हे नाव वापरायला मनाई केली. तोवर बारीक अक्षरांतला खुलासा प्राधिकरणाला पुरेसा वाटत होता. एका डॉक्टर बाईला आयुष्याची वर्षं घालावी लागतात, आणि पगार घेणारे दुसरेच!

मला दंड नको, पत्र नको. ज्या पेपरात, ज्या पानावर, जेवढ्या अक्षरात 'जड़ से खत्म' छापलं, तिथेच, तेवढ्याच अक्षरात हिंदीत छापा की हे खोटं होतं, गोळ्या सोडल्या असतील तर आज डॉक्टरकडे जा.

पट्टी बांधून झाल्यावर आत्याने विचारलं, "कुणाचा मेसेज रे?" मी सांगितलं, तुझ्या त्या पावडरीचा, त्यांनी जाहिरात बंद केली. ती म्हणाली, "पण पेपरात तर काही आलं नाही तसं." उरलेला अर्धा डबा अजून तिच्या ओट्यावर चहाच्या बरणीमागे आहे. शेजारच्या काकूंनी रविवारचं पान कापून ठेवलंय.