मांडीवरची थाप

आमच्या सांगलीला रसिकतेचा जुना आजार आहे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटक पहिल्यांदा उभं केलं ते आमच्याकडे, त्यामुळे गावातलं पोर बारशालाच पहिल्या रांगेत बसून येतं अशी आमची समजूत. दाद देणं आम्हाला शिकवावं लागत नाही. समेवर मान पडते, मांडीवर थाप पडते, तोंडातून 'क्या बात है' निसटतं आणि फारच झालं तर 'वन्स मोअर'. कलाकार पुढे सरकू शकत नाही ही गोष्ट वेगळी.

हा सगळा सरंजाम घेऊन मी नोकरीनिमित्त तोक्योला आलो आणि निशी-कासाईत, संध्याकाळी जिन्यात हिंगाच्या फोडणीचा वास येतो अशा एका इमारतीत राहू लागलो. जपानी कलांची मला भीती नव्हती. कला कुठलीही असो, मांडी आपलीच आणि थापही आपलीच.

पहिला दणका काबुकीने, म्हणजे तिथल्या जुन्या भरजरी नाटकाने दिला. गिन्झाच्या काबुकी-झा नाट्यगृहात एकाच अंकाचं स्वस्तातलं तिकीट मिळतं, पार वरच्या मजल्यावरचं. तिथे बसल्यावर वाटलं, अरे, आपण घरीच आलो. किमोनो सावरत लाजणारी नायिका म्हणजे पुरुष नट. बालगंधर्वांच्या मुलखातल्या माणसाला त्यात नवल ते काय! (१६२९ साली तिथल्या सरकारने बायकांना रंगमंचावरून उठवलं, तेव्हापासून हे काम पुरुषांकडे आलं.) शिवाय ऐन प्रसंगात लाकडी ठोकळ्यांचा खाड् खाड् आवाज होतो, नट डोळे तिरळे करून पुतळ्यासारखा गोठतो आणि मागच्या खुर्च्यांतले जुने जाणकार चक्क ओरडतात. नटाच्या घराण्याचं नाव! हे मी वाचून गेलो होतो आणि 'नारिताया' हा शब्द लोकलमध्ये घोकला होता. नट गोठला. मी आरोळी ठोकली. त्यात चुका दोन झाल्या. नट गोठला नव्हता, नुसता श्वास घ्यायला थांबला होता; आणि तो 'ओतोवाया' घराण्याचा होता. म्हणजे जोशीबुवांनी आलापात दम घ्यावा आणि आपण 'वा, कुलकर्णी!' म्हणावं, तसं. शेजारचे आजोबा काहीच म्हणाले नाहीत. जपानात काही न म्हणणं म्हणजे बरंच काही म्हणणं असतं.

म्हणून पुढच्या खेपेला गप्प बसायचं ठरवून नो नाटकाला गेलो, सेंदागायाच्या राष्ट्रीय नो नाट्यगृहात. हा प्रकार सहाशे वर्षांहून जुना. रिकामा लाकडी मंच, मागे रंगवलेला एक पाइन वृक्ष, आणि डावीकडच्या पुलावरून मुखवटा घातलेला नायक येतो. येतो म्हणजे, येत असतो. तेवढ्यात माझ्या मनात ऑफिसच्या दोन मेल लिहून झाल्या. मुखवटा एकच, पण नट तो किंचित खाली झुकवतो तेव्हा चेहऱ्यावर मळभ येतं, किंचित वर उचलतो तेव्हा उजाडतं. आणि रडणं? हात सावकाश वर येतो, डोळ्यांच्या चार बोटं अलीकडे थांबतो. संपलं रडणं. आमच्या संगीत नाटकात नायिकेला एवढ्या दुःखाला तीन पदं आणि एक वन्स मोअर लागला असता. मला हे खरंच आवडलं, इतकं की मी मान डोलावू लागलो. डोलावता डोलावता ती खाली गेली ती मध्यंतरालाच वर आली. शेजारच्या बाई कौतुकाने म्हणाल्या, "किती तल्लीन झाला होतात!"

तेव्हा चहाच्या समारंभाला जाताना माझ्या नावावर एक फजिती आणि एक डुलकी जमा होती. बायको दोन वर्षं शेजारच्या गल्लीतल्या एका सेन्सेईंकडे, म्हणजे गुरूंकडे, चहा शिकतेय. त्यांचं वय पंच्याहत्तर आणि पाठ फूटपट्टी. जूनमध्ये, ऐन पावसाळ्यात, त्यांनी मलाही बोलावलं.

"अरे, पण तास-दीड तास गुडघे मुडपून बसावं लागतं," बायको म्हणाली.

"म्हणजे वज्रासनच ना? मी जेवल्यावर रोज बसतो."

"पाच मिनिटं. तेही बातम्यांमध्ये जाहिराती लागल्या की."

मी दुर्लक्ष केलं. ज्याने काकांकडचे सत्यनारायण अध्यायांसकट काढले, त्याला बसण्याची भीती कुणी घालू नये.

दाराशीच घड्याळ आणि अंगठी काढायला लावली. भांड्यांना ओरखडा जायला नको. बायकोने बांगड्या उतरवल्या. मग ते दार. दार कसलं, सहासष्ट सेंटिमीटर उंचीची खिडकी. सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू नावाच्या चहागुरूने हे रूढ केलं म्हणतात. आत येणारा सरदार असो की व्यापारी, तलवार बाहेर ठेवायची आणि गुडघ्यांवर रांगत यायचं. माझी तलवार नव्हती, पोट होतं. ते बाहेर ठेवता आलं नाही. याच रिक्यूला त्याच्या धन्याने, हिदेयोशीने, १५९१ साली पोट चिरून मरायला लावलं. कारणावर अजून वाद चालू आहे. दारात अडकलेल्या स्थितीत मला एक कारण सुचलं होतं.

आत साडेचार चटयांची खोली. चटईच्या काठावर पाय द्यायचा नाही, हे उंबरठ्याच्या संस्कारात बसलं. कोनाड्यात एक चित्रलेख टांगलेला, तीन अक्षरं. त्याच्यापुढे वाकून नमस्कार करायचा. मी केला आणि बायकोला हळूच अर्थ विचारला.

"'चहा घ्या.' एका चिनी झेन गुरूचं उत्तर आहे. नवा आला तरी हेच, जुना आला तरी हेच."

माझा ऊर भरून आला. सांगलीत जमिनीच्या दाव्यापासून मोडलेल्या लग्नापर्यंत सगळ्याला हेच उत्तर देतात.

त्या भरात मी कोनाड्याला लागून, पहिल्या जागेवर जाऊन बसलो. सवय! बायकोने डोळे मोठे केले, पण तोवर किमोनोतल्या दोघी आजी आमच्या पलीकडच्या जागांवर अदबीने बसल्या होत्या. नंतर कळलं की ती मुख्य पाहुण्याची जागा. सगळ्यांच्या वतीने रसिकता दाखवायची जबाबदारी त्याची. यजमान सांगत नाही. मुख्य पाहुण्याने नेमक्या वेळी नेमकं विचारायचं. आणि तो गप्प राहिला तर सगळी खोली गप्प.

खोली गप्प राहिली. शेगडीवरच्या लोखंडी किटलीत पाणी सूं सूं करत होतं. त्या आवाजाला ते पाइनमधला वारा म्हणतात. मी ऐकला. पुष्कळ ऐकला.

आधी गोड. हायड्रेंजियाच्या फुलासारखं, निळ्या-जांभळ्या जेलीचे बारीक चौकोनी तुकडे लावलेलं, आणि आत घेवड्यासारख्या दाण्यांचं गोड सारण: पुरणाची सख्खी बहीण. ते चहा यायच्या आत संपवायचं. बुडवायचं काही नाही, बरोबर खायचं काही नाही. मग सेन्सेईंनी चहाच्या हिरव्या भुकटीवर पाणी ओतलं, बांबूच्या एकाच कांडीतून चिरून काढलेल्या फेसणीने मनगट न हलल्यासारखं करून फेस आणला आणि वाडगा माझ्यापुढे ठेवला. वाडगा तळहातावर घ्यायचा, दोनदा फिरवायचा, म्हणजे त्याच्या दर्शनी बाजूला आपलं तोंड लागत नाही. चव गुढीपाडव्याच्या कडुलिंबाच्या चुलतभावाची, पण पुरणावर पडल्यामुळे सणासारखी लागली. शेवटचा घोट मात्र आवाज करून ओढायचा, म्हणजे यजमानाला कळतं की संपला. लहानपणी बशीतून असा चहा ओढला म्हणून आईने पाठीत धपाटे घातले होते. मी चाळीस वर्षांचं साठलेलं सगळं त्या एका फुर्रर्रमध्ये घातलं. पलीकडच्या आजी दचकल्या.

"वाडग्याबद्दल विचार," बायको ओठ न हलवता म्हणाली.

विचारलं. वाडगा हागी गावच्या घडणीचा होता. या वाडग्यांच्या झिलईत केसासारख्या बारीक भेगा असतात. त्यांतून चहा आत मुरतो आणि वर्षानुवर्षं वापरून रंग पालटत जातो. सेन्सेई म्हणाल्या, "हा माझ्या सासूबाईंचा. आला तेव्हा पांढरट होता." मी वाडगा दोन्ही हातांत, कोपरं मांडीजवळ टेकवून, अगदी खाली धरून पाहिला. आत तळाशी पिकल्या जर्दाळूचा रंग उतरला होता, आणि एका बाजूला, जिथे पिणाऱ्यांचे ओठ लागत आले असतील तिथे, तो आणखी गडद होता. एका सासूने आणि एका सुनेने मिळून चहा पिऊन काढलेलं चित्र!

वाडगा खाली ठेवला आणि न राहवून तोंडातून गेलं, "वा!" आणि मांडीवर सणसणीत थाप.

थाप वाजली. मला लागली नाही.

पुन्हा, हळूच, मारून पाहिली. दुसऱ्याच कुणाची मांडी असावी तसं. मुंग्या केव्हाच येऊन गेल्या होत्या. आता तिथे मुंग्यासुद्धा राहत नव्हत्या. आणि नेमक्या त्याच क्षणी सेन्सेईंनी चहाची लाकडी डबी आणि बांबूचा चमचा शेगडीजवळ मांडला. तो मुख्य पाहुण्याने पुढे जाऊन आणायचा, बघायचा, आणि चमच्याचं नाव विचारायचं. हो, चमच्याला नाव असतं.

मी उठलो. म्हणजे वरचा अर्धा उठला. खालच्याला निरोप पोचला नव्हता. पुढच्या क्षणी मी डबीपासून वीतभर अंतरावर, हात पुढे, कपाळ चटईला, अशा साष्टांग नमस्कारात होतो. डबी वाचली. कुणी हसलं नाही. एका आजींनी उलट दाद दिल्यासारखी मान झुकवली; परदेशी माणसाला एवढी भक्ती असेल असं त्यांना वाटलं नसावं.

त्या उंचीवरून मान वळवली तेव्हा एक गोष्ट दिसली. बायकोच्या साडीच्या निऱ्यांखाली दोन लाकडी पाय होते. पलीकडे आजींच्या किमोनोखाली दोन. त्यांच्या पलीकडे आणखी दोन. गुडघे मुडपून बसलेलं दिसावं म्हणून बुडाखाली घ्यायची वीतभर उंचीची छोटी स्टुलं. सगळी रसिक मंडळी आरामात बसली होती.

"तू विचारलंस कुठे?" बायको मराठीत म्हणाली.

सेन्सेईंची पाठ अजून फूटपट्टी होती. त्या वाट पाहत होत्या. मी चटईवरूनच, हनुवटी किंचित वर करून, पाठ केलेला प्रश्न विचारला: चमच्याचं नाव काय?

"पावसाळा आहे ना," त्या अतिशय गंभीरपणे म्हणाल्या, "म्हणून 'कातात्सुमुरी' ठेवलंय. गोगलगाय."

मी चमचा घेतला आणि तसाच, पोटावरून, माझ्या जागेकडे निघालो.