ज्वालामुखीवर डबलसीट

"काहो भाऊ, वरतं गाडी लावायले जागा होती काय?"

आज सकाळी नागपूरच्या फुटाळा तलावावर फिरताना हा प्रश्न आला. विचारणाऱ्या गृहस्थांशी माझी ओळख नुसती राम रामपुरती, त्यांचं नावही मला ठाऊक नाही. म्हणजे बातमी आमच्या फिरायच्या ग्रुपची हद्द ओलांडून गेली. मागून कोणीतरी "किक होती का सेल्फ?" अशी पुस्ती जोडली आणि चार-पाच जण हसले. मी हसलो नाही. बालीहून येऊन नऊ दिवस झाले, जिना उतरताना पोटऱ्या अजून बोंबलतात, आणि यांना गाडीच्या स्टँडची काळजी!

तर माझी बाजू एकदा लिहून ठेवतो.

लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून पुण्याच्या मुलीनं आम्हा दोघांना बालीला धाडलं. इथवर ठीक. पण त्यातली एक सकाळ तिनं परस्पर माउंट बातूर नावाच्या ज्वालामुखीच्या नावे करून टाकली. सूर्योदय, सोबत गाइड, वर नाश्ता. काठिण्य 'सोपे ते मध्यम'. हे 'सोपे ते मध्यम' ठरवणाऱ्या माणसाला मला एकदा भेटायचं आहे. सावजीत बसून 'मीडियम तिखट' मागणाऱ्या पुण्याच्या पाहुण्याला वेटर जसा मुकाट 'हो' म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. मीडियम कोणाच्या हिशेबानं, ते पहिला घास खाली उतरल्यावर कळतं.

त्यात नागपूरच्या माणसाला चढ ठाऊक नाही. आमचं शहर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर आहे आणि जिकडे जाल तिकडे ते साधारण ३१०च राहतं. टेकडी म्हटली की आम्हाला टेकडी गणपती आठवतो, आणि चढाचा सराव होतो तो उड्डाणपुलांवर, तोही तिसऱ्या गिअरमध्ये.

उबुदच्या हॉटेलवर गाडी आली रात्री दोन वाजता. बालीचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, म्हणजे माझ्या पोटातल्या घड्याळात रात्रीचे साडेअकरा. नागपुरात मी ज्या वेळेला कुलरची टाकी भरून आडवा होतो, त्या वेळेला तिथं कानटोपी घालून, बूट बांधून, शहाण्यासारखा गाडीत बसलो होतो. बायको टवटवीत. तिचा योगासनांचा क्लास आहे. तो विषय नको.

चारच्या सुमारास पायथ्याशी सगळ्यांना डोक्याला बांधायच्या बॅटऱ्या वाटल्या. आमच्या जथ्यात आम्ही दोघं आणि एक जर्मन जोडपं. गाइडनं प्रत्येकाकडे एकेकदा पाहिलं, माझ्याकडे दोनदा पाहिलं, आणि झुडपामागून एक बांबूची काठी काढून फक्त माझ्या हातात दिली. अपमानाची सुरुवात इथून धरावी.

पहिला अर्धा तास शेतांतून सपाट रस्ता. मी जर्मनांशी बरोबरी करत होतो, त्यांना नागपूरची संत्री समजावून सांगत होतो. मग चढ लागला आणि संत्री थांबली. पायाखाली काळा मुरूम. एक पाऊल वर टाकायचं, अर्धं परत घसरायचं. बॅटरीच्या उजेडात पुढच्या माणसाच्या टाचा आणि आपल्याच श्वासाची वाफ, यापलीकडे जगात काही शिल्लक नव्हतं. वीसेक मिनिटांत ठरलं की जर्मन जोडपं आणि माझी बायको दुसऱ्या गाइडच्या मागून पुढे जातील आणि आमचा गाइड 'स्लो-स्लो' माझ्यासोबत राहील. बायको जाताना म्हणाली, "सावकाश या हो, घाई नाही." तीस वर्षांच्या संसारात या वाक्याचा आवाज मला कळतो.

आणि तेव्हा तो आला.

खालून मोटरसायकलचा आवाज आला आणि माझ्या बरोबर बाजूला येऊन बंद झाला. फुगीर जाकीट, पायात हवाई चपला, ओठांत सिगरेट. तिकडच्या सिगरेटीत लवंग असते. त्यामुळे पुढचा तासभर मी ज्वालामुखी चढतो आहे की दाढ काढायला बसलो आहे, हेच नाकाला कळेना.

"टॅक्सी, सर? माउंटन टॅक्सी."

"नो."

"ओके, सर."

ओके म्हणाला आणि तिथंच थांबला. मी दहा पावलं चढलो. तो गाडी सुरू करून पन्नास पावलं पुढे गेला, वळला, आणि दिवा सरळ माझ्या तोंडावर मारून उभा राहिला. मी हाशहुश करत त्याच्यापर्यंत पोचलो की, "टॅक्सी, सर?" पुन्हा पन्नास पावलं. पुन्हा दिवा. आमच्या सीताबर्डीच्या बाजारात फुटपाथवर बेल्ट विकणारे मागे लागतात, पण ते निदान पायी असतात हो. शिवाय हा आणि माझा गाइड दर थांब्यावर एकमेकांशी हळू आवाजात बोलायचे आणि माझ्याकडे पाहायचे. आयसीयूबाहेर नातेवाईक बोलतात तसं.

"व्हेअर फ्रॉम, सर?"

"इंडिया."

"आ, इंडिया! रामायण!" त्याला खरोखर आनंद झाला. दिवा माझ्या कानटोपीपासून हळूहळू खाली आला, पोटापाशी थांबला, तिथं जरा रेंगाळला. मग त्यानं निकाल दिला, "यू, कुंभकर्ण!"

गाइड हसला. खालून चढत येणारी दोन अनोळखी पोरंही हसली. ती इस्रायलची की इटलीची होती कोणास ठाऊक, त्यांना कुंभकर्ण काय कळला असेल? पण हसली.

मी त्याला नाव विचारलं नाही. विचारून उपयोगही नव्हता. बालीत पहिलं मूल वायान, दुसरं माडे, तिसरं न्योमान, चौथं केतुत, आणि पाचवं झालं की गाडी पुन्हा वायानवर येते. थोडी इतर नावं आहेत, पण हिशेब हाच. म्हणजे रागावून तक्रार करायची म्हटली तरी निम्म्या बेटाची होईल.

आता पैशाचं ऐका. पहिल्यांदा त्यानं सांगितलं तीन लाख. तिथं सगळं लाखातच असतं, पाण्याची बाटली घेतली तरी हजारांत बोलतात, त्यामुळे मी दचकलो नाही. तीन लाख रुपिया म्हणजे आपले सोळाशेच्या आसपास. मी नको म्हणालो. अर्धा डोंगर आपल्या पायानं चढून झाल्यावर, एका दगडावर बसून, सहज, केवळ माहितीसाठी, मी पुन्हा विचारलं.

"फाइव्ह लाख, सर."

मी आयुष्यभर गोकुळपेठेत भाजी घेतली आहे. संध्याकाळी सात वाजता मेथीचा भाव पडतो, हे मला कळतं. अंतर कमी झालं की भाडं कमी व्हायला पाहिजे, हेही कळतं. मी त्याला काठीनं मुरमावर रेघ ओढून दाखवली. इथून निघालो तेव्हा तीन, आता अर्धा रस्ता उरला, तर व्हायला पाहिजे दीड. त्यानं रेघ लक्षपूर्वक पाहिली. सिगरेटची राख झटकली. आणि अगदी शांतपणे म्हणाला,

"डिस्टन्स शॉर्ट, सर. बट यू मोर टायर्ड."

याच्यावर काय बोलणार? मी बँकेत एकतीस वर्षं काढली, व्याजाचे दर कसे ठरतात यावर ट्रेनिंगं घेतली, पण गरजेचा भाव इतक्या थोडक्यात मला कोणी सांगितला नव्हता. मी गाइडकडे पाहिलं. गाइड आकाशाकडे पाहत होता. तिथं अजून काही नव्हतं.

साडेचार लाखांवर तुटलं. हे इथं पहिल्यांदा लिहितो आहे. घरी तीन सांगितलेत.

गाडीवर बसलो. धरायला मागे काही नाही, म्हणून त्याच्या जाकिटाला धरलं. पहिला दगड आला तेव्हा कमरेला धरलं. दुसरा आला तेव्हा त्याच्या पाठीत डोकं घातलं आणि मारुतिस्तोत्र सुरू केलं. सात मिनिटं. सात मिनिटांनी गाडी थांबली, आणि तो म्हणाला, "फिनिश. नाऊ वॉकिंग."

गाडी वरपर्यंत जात नाही! शेवटचा, सगळ्यात उभा, सगळ्यात निसरडा तुकडा पायीच चढायचा असतो. हे साडेचार लाख घेण्यापूर्वी सांगायला काय हरकत होती? गाइडलाही ठाऊक असणारच. त्याला मी पैसे कशासाठी दिले होते, सिगरेटीची सोबत करायला?

पण खरा घात वेगळाच झाला. गाडी थांबली ती नेमकी सगळे दम खायला बसतात त्या सपाटीवर. वीस-पंचवीस डोक्यांवरच्या वीस-पंचवीस बॅटऱ्या एकदम माझ्याकडे वळल्या. त्या उजेडात कानटोपी घातलेला मी, डोळे मिटून, एका परक्या माणसाच्या कमरेला मिठी मारून, 'भीमरूपी महारुद्रा' पुटपुटतो आहे. आणि जर्मनांच्या मधून ओळखीचा आवाज आला, "अहो, सोडा आता त्याला."

फोटो तेव्हाच निघाला.

सूर्योदयाचं विचाराल तर, झाला असावा. १७१७ मीटरवर आम्ही पोचलो तेव्हा चहूकडे दुधासारखं पांढरं होतं. गाइड त्या पांढऱ्यात बोट दाखवून सांगत होता, हा आगुंग, हा अबांग, ते पलीकडे लोम्बोक बेटावरचं रिंजानी. मी प्रत्येक दिशेला अंदाजानं मान हलवली. मधे मिनिटभर ढग फाटला म्हणतात, खाली तलाव चकाकला, आगुंगचं टोक सोनेरी झालं, बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तेव्हा बुटातला मुरूम काढत होतो.

नाश्त्याला ज्वालामुखीच्या वाफेत उकडलेलं अंडं आणि पावात घातलेलं केळं. दगडांच्या फटीतून गरम वाफ येते, तिच्यात अंडी ठेवतात. अंडं बरं होतं, पण साडेचार लाखांच्या अंड्यावर निदान तर्री तरी हवी. केळं माकडानं नेलं. माझ्या कानटोपीकडे बघून त्याला आपलेपणा वाटला असेल, असं बायकोचं म्हणणं.

गाइड मग जरा खुलला. २००० साली इथून शेवटचा धूर-राख निघाली, म्हणाला. १९२६ साली तर लाव्ह्यानं पायथ्याचं बातूर गाव गिळलं. लोकांनी तलावाच्या देवीला, दानूला, कड्याच्या वर नेऊन नवं देऊळ बांधलं आणि गाव तिच्या मागोमाग वर गेलं. सोडून कोणी गेलं नाही. खालच्या भातशेतीला पाणी कोणी कधी घ्यायचं, ते आजही देवळांच्या बैठकीत ठरतं. मला आमच्या सोसायटीची पाण्याच्या टँकरवरची बैठक आठवली. तीत ठरत काहीच नाही, आणि ज्वालामुखी दर महिन्याला फुटतो. मग गाइडनं माझी समजूतही काढली. त्यांच्याकडच्या सावल्यांच्या बाहुल्यांच्या खेळांत कुंभकर्ण म्हणजे मोठा वीर, भावाची चूक ठाऊक असूनही देशासाठी लढून मेला. तेव्हा वाईट वाटून घेऊ नका, तो मान आहे. बायको म्हणाली, "झोपायचा तर तोही."

परत येईपर्यंत फोटो फोनवरच्या 'समस्त परिवार' ग्रुपवर पोचला होता. अमरावतीच्या साडूंनी लिहिलं, 'हेल्मेट काहून नाही घातलं?' खाली एकवीस हसरे चेहरे. ढगातून क्षणभर दिसलेल्या आगुंगच्या फोटोला चार अंगठे, त्यातला एक माझा.

आणि आज, फुटाळ्याला, हशा ओसरल्यावर आमच्या ग्रुपमधले भूगर्भशास्त्रवाले सर जवळ आले. मला वाटलं, धीर द्यायला आले. ते म्हणाले, "तुम्ही गेलात कशाला पण? बर्डीचा किल्ला ज्या टेकडीवर आहे ती लाव्ह्याचीच. ही सेमिनरी हिल्सही. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा दगड आहे हा. तुम्ही पासपोर्ट काढून लाव्ह्यावरून लाव्ह्यावर गेलात!" सर विद्वान आहेत, पण त्यांनी ही माहिती तिकिटं काढण्यापूर्वी द्यायची होती. आणि सूर्योदयाचं म्हणाल, तर मे महिन्यात नागपुरात साडेपाचलाच तो डोक्यावर येऊन बसतो, फुकट, ढगबिग काही नाही, नको म्हटलं तरी. सात वाजता पंख्याची हवा गरम लागते. ज्याच्यापासून पळून गेलो त्याचंच तोंड बघायला मी रात्री दोनला उठलो होतो, हे मला फुटाळ्यावर उभं राहिल्यावर कळलं, आणि तोवर घामानं सदरा पाठीला चिकटला होता.

घरी आलो तर फोनवर मेसेज. गाडीवरचा व्हिडिओ पाठवतो म्हणून त्या माउंटन टॅक्सीवाल्यानं माझा नंबर घेतला होता. व्हिडिओ पाठवला नाही. आज पाठवलं ते असं: 'गुड मॉर्निंग मिस्टर कुंभकर्ण, प्लीज फाइव्ह स्टार.' सोबत नमस्काराचे दोन हात आणि एक मोटरसायकल.

मी चार दिले. एक कापला, तोंडावर मारलेल्या दिव्याचा. देऊन झाल्यावर सहज खाली पाहिलं, तर बायकोनं कधीच पाच देऊन ठेवलेत. फोटोसकट.