‘जास्त’ म्हणजे बेरीज? मग 12 मण्यांचं उदाहरण सोडवून बघा

पालकांच्या ग्रुपवर एक मजकूर सारखा फिरतो आहे. त्याचा आशय असा: लहान मुलांना चित्रं काढून गणितं सोडवायला लावणं म्हणजे वेळेची नासाडी. मुलं चित्रात रमतात, पाढे कच्चे राहतात, मोठ्या संख्या आल्या की अडतात. त्यापेक्षा ‘जास्त’ दिसलं की बेरीज, ‘कमी’ दिसलं की वजाबाकी, एवढं पाठ करून घ्या.

यातला शेवटचा सल्ला सगळ्यांत घातक आहे, म्हणून आधी तोच घेते. ‘ताईकडे 12 मणी आहेत. ते दादाच्या मण्यांपेक्षा 5 ने जास्त आहेत. दादाकडे किती?’ सल्ला घोकलेलं मूल 17 लिहून मोकळं होतं. त्यालाच एकाखाली एक दोन पट्ट्या काढायला सांगा. कुणाची पट्टी लांब, हे ठरल्याशिवाय हात पुढे सरकत नाही आणि ते ठरवायला वाक्य पुन्हा वाचावंच लागतं. लांब पट्टी ताईची, पुढे आलेला तुकडा 5 चा, राहिलेली लांबी दादाची. उत्तर 7. या मुलाला बेरीज-वजाबाकी येतच होती. त्याने वाक्यच नीट वाचलं नव्हतं.

मुलं चित्रात रमतात, हे मात्र खरं आहे. ताईला वेण्या, मण्यांना रंग, आणि उदाहरण तसंच. मेरी हेगार्टी आणि मारिया कोझेव्हनिकोव्ह यांच्या 1999 च्या अभ्यासातही हाच फरक दिसला: वस्तूंचं हुबेहूब चित्र डोळ्यांपुढे आणणारी मुलं शाब्दिक उदाहरणांत मागे पडली, संख्यांमधलं नातं दाखवणारी आकृती योजणारी पुढे गेली. म्हणजे चित्र थांबवायचं नाही, साधं करायचं. वेण्या काढणाऱ्या मुलाला रागावू नका हो! ‘मण्याऐवजी नुसता ठिपका चालेल का?’ एवढंच विचारा. पुढे ठिपक्यांच्या जागी पट्टी येते.

पट्टी आली की मोठ्या संख्यांची भीती उरत नाही. 12 च्या जागी 1250 आणि 5 च्या जागी 375 घाला. आकृती तीच राहते, उत्तर 875. सिंगापूरच्या प्राथमिक शाळांत अशा पट्ट्या 1980 च्या दशकापासून शिकवतात.

पाढ्यांशी तर चित्राचं भांडणच नाही. पाढे पाठ हवेतच. पण ‘सात आठे’ ऐन वेळी आठवलं नाही, तर पाठांतरावरच उभं असलेलं मूल गप्प बसतं. ज्याने 8-8 ठिपक्यांच्या 7 ओळी काढल्या आहेत, ते 5 ओळींचे 40 आणि 2 ओळींचे 16 मिळवून 56 पर्यंत पोचतं.

राहिला वेळ. दोन पट्ट्या ओढायला अर्धं मिनिटही लागत नाही आणि त्या कच्च्या कामाच्या रकान्यात मावतात. नातं डोक्यातच दिसू लागलं की मुलं पट्टी काढणं आपणहून सोडतात. नव्या प्रकारचं उदाहरण आलं की पुन्हा काढतात, तेव्हा काढू द्या.