इंडिकाचा अनुभव, मारुतीचा भरवसा आणि इलेक्ट्रिक एसयूव्ही : प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं : टाटाची गाडी म्हणजे गॅरेजचे हेलपाटे, हे इंडिकाच्या वेळीच कळलं. मारुती गावोगाव दुरुस्त होते, म्हणून तीच घ्यावी. आणि सांगलीत राहून, पुण्याला जाऊन-येऊन, वर पुराची भीती असताना मी इलेक्ट्रिक एसयूव्ही सुचवणं बेजबाबदारपणाचं आहे. पहिल्या दोन मुद्द्यांशी मी सहमत नाही. तिसऱ्यात तथ्य आहे, म्हणून त्यावर जास्त लिहितो.

इंडिका १९९८ साली आली. पहिल्या गाड्यांबद्दल तक्रारी भरपूर होत्या, म्हणून तर कंपनीनं २००१ मध्ये सुधारलेली इंडिका व्ही२ आणली. पण त्याच टाटाच्या नेक्सॉनला डिसेंबर २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची अपघात-सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेच्या चाचणीत पाच तारे मिळाले. मारुतीचंही तसंच. २०१४ मध्ये एअरबॅग नसलेल्या स्विफ्टला त्याच संस्थेनं शून्य तारे दिले होते आणि २०२४ मध्ये नव्या डिझायरला पाच. म्हणजे नावं दोन्ही तीच राहिली, गाड्या बदलल्या.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे ही बरी-वाईट नावं इंजिन, क्लच, गिअरबॉक्स आणि इंजेक्टर यांवर मिळालेली आहेत. इलेक्ट्रिक गाडीत एका ठरावीक गिअरशिवाय यातलं काहीच नाही. बुश आणि लिंक रॉड हे सस्पेन्शनचे भाग, ब्रेक, टायर ही कामं चांगला गॅरेजवाला आजही करील, आणि बॅटरीच्या वजनामुळे ब्रेक सोडून बाकीची थोडी लवकरही निघतात. पण उच्च व्होल्टेजच्या नारिंगी केबलच्या पलीकडे हात घालायला प्रशिक्षित माणूसच लागतो, गाडी कुठल्याही कंपनीची असो. त्यामुळे गावोगावच्या मेकॅनिकचा भरवसा इथे कुणालाच मिळत नाही.

आता पुण्याचं. ४५ युनिटची (एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, १००० वॅट-तास) बॅटरी ९० टक्क्यांवरून १० टक्क्यांपर्यंत वापरली तर हाती ३६ युनिट येतात. मध्यम आकाराची एसयूव्ही ८० च्या वेगानं किलोमीटरला साधारण १४० वॅट-तास खाते, म्हणजे अडीचशेच्या आसपास किलोमीटर. वेग १०० च्या पुढे गेला की खाणं १८० पर्यंत जातं आणि पल्ला २०० वर येतो. सांगली-पुणे साधारण २३५ किलोमीटर. तेव्हा रमतगमत गेलात तर जेमतेम पोहोचाल, पण हिशोब साताऱ्याजवळ एका थांब्याचाच ठेवा. खंबाटकी घाटाच्या जुन्या रस्त्यानं चढण पुण्याहून येताना लागते, जाताना बोगदा आहे, म्हणून परतीला हात थोडा राखून. घाटाची भीती मात्र उगाच आहे. माणसांसह १७०० किलोची गाडी ७०० मीटर वर न्यायला, म्हणजे साताऱ्याहून महाबळेश्वरइतकी चढायला, सपाट रस्त्यापेक्षा साधारण साडेतीन-चार युनिट जादा लागतात. उतरताना मोटारच वीज बनवते, त्यामुळे त्यातली निम्म्याहून जास्त परत मिळतात. फक्त वर मुक्कामी बॅटरी १०० टक्के भरू नका. भरलेल्या बॅटरीत उतारावर बनणारी ही वीज मावत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) जातीची असेल तर कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे, बहुधा आठवड्यातून एकदा, घरच्या संथ चार्जरवर १०० टक्के भरावी. या सेलचा व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ सपाट असतो, त्यामुळे यंत्रणेला नेमका साठा कळत नाही. सगळे सेल एकसारखे भरण्याची बरोबरीही वरच्या टोकालाच होते. हे टाळलं की चार्जचा काटा १८ टक्क्यांवरून एकदम खाली कोसळल्याच्या तक्रारी सुरू होतात. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) बॅटरीला उलट रोज ८० टक्के पुरे.

घरच्या वायरिंगकडे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात, आणि सगळ्यात जास्त त्रास तिथूनच होतो. १५ अँपियरच्या सॉकेटवर गाडी तासन्‌तास सलग ३ किलोवॅटच्या आसपास ओढते. गिझरसारखी पंधरा मिनिटांत बंद होत नाही. स्क्रू ढिला असला की सॉकेट वितळतं. मीटरपासून स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, २० अँपियरचा एमसीबी (जादा प्रवाह आला की बंद पडणारा स्विच) आणि औद्योगिक दर्जाचं सॉकेट घ्या. आरसीसीबी, म्हणजे वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच, ३० मिलिअँपियरची, टाइप ए. साधी टाइप एसी चार्जरची गळती ओळखेलच असं नाही. अर्थिंग मोजून घ्या. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात काही व्होल्टचा फरक आला तरी चार्जर नकार देतो आणि दोष गाडीवर जातो. ७.२ किलोवॅटचा चार्जर हवा असेल तर तो एकाच फेजवर जवळपास ३१ अँपियर घेतो, म्हणून महावितरणकडे मंजूर भार आधी वाढवून घ्या. रोज ६० किलोमीटर फिरणाऱ्याला त्याची गरज नाही, साध्या चार्जरवर साधारण तीन तासांत भागतं.

आणखी एक. मोठी बॅटरी ७० टक्के असूनही गाडी मेल्यासारखी पडली, तर बहुतेक वेळा दोष १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीचा असतो. मोठ्या बॅटरीचे संपर्क जोडायला हीच वीज लागते. डिकीत एक बूस्टर, म्हणजे छोट्या बॅटरीला तात्पुरती वीज देणारा पॅक, ठेवा.

पुराबद्दल तुमची काळजी अगदी रास्त आहे. २०१९ आणि २०२१ सांगलीनं पाहिलं आहे. बॅटरीवर आयपी६७ लिहिलेलं असतं, म्हणजे एक मीटर स्वच्छ पाण्यात अर्धा तास. गाळाच्या पाण्यात दोन दिवस उभं राहण्याची ती हमी नाही. सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागलं की गाडी उंचावर न्या, तळघरात ठेवू नका. पाणी लागलंच तर चालू करू नका, चार्जर लावू नका. सपाट ट्रकवरच उचलून न्या, कारण मोटारीला जोडलेली चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर मोटार वीज बनवू लागते. सर्व्हिस सेंटरमध्ये इन्सुलेशन रेझिस्टन्सची, म्हणजे वीज गाडीच्या सांगाड्यात गळत नाही ना याची, चाचणी झाल्याशिवाय चावी घेऊ नका. विमा काढताना बॅटरी आणि मोटारीचं जादा संरक्षण आहे का, तेही वाचा.

आणि टोकन देण्याआधी शोरूमऐवजी वर्कशॉपमध्ये जाऊन विचारा : उच्च व्होल्टेजचं प्रशिक्षण घेतलेले किती जण इथे आहेत, बॅटरी पॅक इथे उघडतो की बाहेर पाठवावा लागतो, आत्ता सुटे भाग नाहीत म्हणून किती गाड्या उभ्या आहेत. बॅटरीची क्षमता किती टक्क्यांखाली गेली की वॉरंटी लागू होते, तेही लेखी घ्या. ही उत्तरं समाधानकारक नसतील तर ती गाडी घेऊ नका, मग ती टाटाची असो, महिंद्राची असो की मारुतीची.